टेस्ट ड्राइव्ह, मागच्या सीटवरून

आईला गाडी लागते. आमच्या घरात गाडीविषयीचं कुठलंही बोलणं फिरून फिरून याच वाक्याशी येतं. गाडी किती देखणी आहे, पिकअप कसा आहे, डिकीत किती बॅगा मावतात, हे सगळं नंतर. आधी प्रश्न एकच, आईला सोसेल का?

मी गाडी चालवायला शिकले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून मधल्या आरशात मला मागच्या रस्त्याइतकाच आईचा चेहरा दिसत आलाय. काच दोन बोटं खाली, हातात ओला रुमाल, डोळे मिटलेले. ती बोलत नाही आणि कुणी तिच्याशी बोललेलंही तिला नको असतं. ओठांच्या कडा पांढऱ्या पडायला लागल्या की मी समजते, आता पाच-दहा मिनिटांत गाडी कडेला घ्यावी लागणार. आजवरचा बहुतेक सगळा प्रवास तिने मिटल्या डोळ्यांनी केलाय. कितीतरी गावं, नद्या, डोंगर तिने पाहिलेच नाहीत. त्यांच्यातून ती फक्त गेली आहे. याची मला कायम रुखरुख वाटत आली.

जुनी गाडी बदलायची वेळ आली तेव्हा मी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या, एसयूव्हीकडे वळले ती आईमुळेच. तिचे गुडघे आता कुरकुरतात. खाली वाकून बसायच्या गाडीत तिला उतरता येत नाही आणि फार उंच गाडीत चढता येत नाही. या वर्गातल्या गाड्यांची सीट साधारण कमरेच्या उंचीला येते. बूड टेकवायचं, पाय आत घ्यायचे, झालं. त्यात या गाड्या आवाज करत नाहीत, गिअरचे गचके देत नाहीत, असं ऐकलेलं. महागडी गाडी घ्यायची तर ती या एका कारणासाठी, असं मी ठरवलं आणि टेस्ट ड्राइव्ह मागितली.

पहिल्या दिवशी एकटीच गेले.

बटण दाबलं. काहीच झालं नाही. निदान माझ्या कानांना तरी काही झाल्याचं कळलं नाही. समोरच्या पडद्यावर ‘रेडी’ असा हिरवा शब्द उमटला तेवढाच. शेजारी बसलेला सेल्समन म्हणाला, “झाली मॅडम चालू, निघा.” किल्ली फिरवल्यावर स्टार्टरची घरघर, मग इंजिनने धरलेला सूर, मग पायाखाली येणारी हलकी थरथर, या क्रमाची इतक्या वर्षांची सवय. ती सगळी पायरी इथे गाळलेली होती. ब्रेकवरचा पाय उचलला आणि दोन टनांच्या आसपासचं ते धूड नावेसारखं सरकायला लागलं.

पूर्ण शांतता मात्र नव्हती. काच खाली केल्यावर एक बारीक, चढत जाणारा गुंजारव ऐकू आला. तो मुद्दाम केलेला असतो. नुसत्या विजेवर हळू चालणारी गाडी पायी चालणाऱ्याला ऐकूच येत नाही, आणि अंध माणसाला तर तिचा पत्ताच लागत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांपैकी १३८ क्रमांकाच्या नियमाने ताशी २० किलोमीटरपर्यंत असा आवाज ठरवून दिला. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलना तो बंधनकारक झाला. वेग वाढला की टायरचा आवाजच पुरेसा होतो. मला ही गोष्ट फार आवडली. आतल्यांना शांतता हवी म्हणून बाहेरच्याचा जीव धोक्यात घालू नये, एवढा विचार कुणीतरी केलेला होता.

सेल्समन उत्साही होता. सीटचा मसाज दाखवला, छप्पर उघडून दाखवलं, गाणी लावली. मी गाणी बंद करायला सांगितली. टेस्ट ड्राइव्हला जाणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावं असं मला मनापासून वाटतं. उत्तम स्पीकरवरचं उत्तम गाणं गाडीचे निम्मे दोष झाकून टाकतं. आणखी एक करावं. गाडी आपण येण्याआधी कुणी फिरवून आणली आहे का ते विचारावं. इंजिन गरम आणि बॅटरी भरलेली असली की हायब्रिड गाडी आपल्या सर्वांत चांगल्या रूपात समोर येते. थंड इंजिनाने ती कशी वागते, हे पाहायचं तर आपण पहिलं गिऱ्हाईक व्हायला हवं.

मी एकच गोष्ट पकडायच्या मागे होते. विजेवरून इंजिनवर गाडी जाते तो क्षण. कान टवकारून बसले होते. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा पडद्यावरच्या बाणांचा रंग बदललेला दिसला, म्हणजे इंजिन सुरू होऊनही गेलं होतं. एका चढावर ॲक्सिलरेटर खोल दाबला तेव्हा कुठे दूरवरून, बंद दाराआडून यावा तसा इंजिनचा आवाज आला.

या एका क्षणासाठी माणसांनी किती खटाटोप केलाय ते वाचलं की थक्क व्हायला होतं. पेट्रोल आणि वीज एका गाडीत नांदवायची कल्पना काही नवी नाही. फर्डिनांड पोर्शने १९०० च्या सुमारास अशी गाडी बांधली होती. तिच्या पुढच्या चाकांतच मोटरी होत्या आणि पेट्रोल इंजिनचं काम फक्त वीज तयार करण्याचं. नंतर पेट्रोल स्वस्त झालं, इंजिनं सुधारली आणि ही कल्पना अडगळीत गेली. १९७० च्या दशकात अमेरिकेत व्हिक्टर वूक या अभियंत्याने एका ब्यूइक स्कायलार्कमध्ये मोटर आणि बॅटरी बसवून तिला हायब्रिड केलं. १९७४ साली सरकारी प्रयोगशाळेत तिची चाचणी झाली, पण पुढे सरकारने त्यातून अंग काढून घेतलं. मग टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानच्या रस्त्यावर आली. तिचा सुरुवातीचा नमुना ४९ दिवस जागचा हललाच नव्हता, असं त्या प्रकल्पाचे प्रमुख ताकेशी उचियामादा सांगत. आज आपण बटण दाबून ‘काहीच झालं नाही’ म्हणतो, त्याच्यामागे असे दिवस आहेत, जेव्हा खरोखरच काही होत नव्हतं. महागड्या एसयूव्हीत हे तंत्र पहिल्यांदा आलं ते २००५ साली, लेक्ससच्या आरएक्स ४००एच या गाडीतून.

मी चालवत होते तिच्यात जी रचना होती तीच बऱ्याच हायब्रिड गाड्यांत असते. मध्ये एक दातेरी चाक, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि त्या सगळ्यांना बाहेरून कवेत घेणारं एक मोठं कडं. मधल्याला सूर्य म्हणतात, छोट्यांना ग्रह. इंजिन ग्रहांच्या चौकटीला जोडलेलं, एक मोटर सूर्याला, दुसरी मोटर आणि चाकं बाहेरच्या कड्याला. या तिघांपैकी कुणी किती जोर लावायचा ते संगणक दर क्षणी ठरवतो. क्लच नाही, बदलायचे गिअर नाहीत. सूर्याला जोडलेली मोटर फिरली की इंजिन अलगद उठतं आणि त्या उठण्याचा जो धक्का चाकांपर्यंत पोचायला हवा, तो दुसरी मोटर उलट जोर लावून तिथल्या तिथे जिरवते. म्हणून मला तो क्षण सापडत नव्हता. सापडू नये यासाठीच सगळी बांधणी आहे.

चढावर जोर लावला की इंजिनचा सूर एकदम वर चढतो आणि वेग मागून येतो, हे खरं. मला ते खटकलं. काही जणांना त्याची चीड येते म्हणे. पण माझं तिकडे फारसं लक्षच नव्हतं. मी मनातल्या मनात आईला मागे बसवून पाहत होते.

परतीच्या वाटेवर ब्रेकची गंमत कळली. पडद्यावर एक काटा होता. पाय ॲक्सिलरेटरवर असला की तो एका बाजूला, ब्रेकवर आला की दुसऱ्या बाजूला, ‘चार्ज’कडे. ब्रेक हळू दाबला की मोटर उलटी राबते. तीच चाकांना अडवते आणि अडवताना वीज बनवून बॅटरीत भरते. घरी आल्यावर मी कागदावर हिशेब मांडला. २,००० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर तिच्या अंगात साधारण २७८ किलोजूल ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाजूल उष्णता असते आणि साधं इंजिन तिचा चौथा ते तिसरा हिस्साच चाकांना देतं. म्हणजे ताशी ६० वरून पूर्ण थांबल्यावर सुमारे २६ ते ३५ मिलिलिटर पेट्रोलची मेहनत वाया जाते. दोन मोठे चमचे. साध्या गाडीत ते दोन चमचे ब्रेकच्या तबकड्या तापवून हवेत जातात. प्रत्येक सिग्नलला. हायब्रिड गाडी त्यातला चांगला वाटा परत घेते. सगळा नाही, कारण वीज बनवताना, साठवताना आणि पुन्हा वापरताना थोडी गळती होतेच. एरवी प्रत्येक गाडी हमरस्त्यावर कमी पिते आणि गर्दीत जास्त. हायब्रिडचं नेमकं उलटं होतं ते या चमच्यांमुळे.

त्या रात्री मी फार खुशीत होते. आईला म्हटलं, “उद्या तू चल. अशी गाडी तू कधी बघितली नसशील.”

“बघायचंय कुणाला,” आई म्हणाली, “मला बसायचंय.”

दुसऱ्या दिवशी ती आली. सीटवर तिला विनासायास बसता आलं, इथवर सगळं माझ्या मनासारखं. या गाडीत मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर असते, त्यामुळे पुढून मागे जाणारा लोखंडी दांडा नाही आणि पायाखाली मोठा उंचवटाही नाही. तिने पाय ऐसपैस ठेवले, रुमाल मांडीवर घेतला, डोळे मिटले. सेल्समन पुढे बसला. तो तिला आजी म्हणत होता आणि तिला आवडेल असं काहीबाही सांगत होता. ती हुंकारही देत नव्हती, म्हणून शेवटी तोही गप्प झाला.

मी जपून चालवत होते. वळणं सावकाश, वेग सारखा. आरशात पाहिलं तर तिचा चेहरा शांत. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. सिग्नल लागले, गर्दी लागली. मला वाटलं, जिंकलो. आणि मग एका सिग्नलला थांबल्यावर मागून आवाज आला.

“हे काय होतं?”

“काय झालं?”

“थांबायच्या जरा आधी. झोपलेलं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतात ना, कितीही जपून घेतलं तरी बाळाला कळतं. तसं होतंय बघ.”

मला काहीही जाणवलं नव्हतं. सेल्समनलाही नाही. पुढच्या सिग्नलला मी सगळं लक्ष पायात आणून थांबले. तरी काही नाही. “झालं,” आई म्हणाली. त्याच्या पुढच्याला, “आत्ता कमी होतं.” त्याच्या पुढे, “झालं.” डोळे मिटलेले, आवाज शांत, तक्रार अशी नाहीच. काय होतंय ते फक्त सांगत होती.

मी गाडी कडेला घेतली आणि सेल्समनला म्हटलं, “आता तुम्ही चालवा. मी मागे बसते.”

आईच्या शेजारी बसले आणि तिच्यासारखेच डोळे मिटले. खरं सांगते, इतक्या वर्षांत मी हे कधी केलं नव्हतं. तिला गाडी लागते हे मला माहीत होतं, ती कशी लागते हे मी कधी तिच्या जागेवर बसून पाहिलं नव्हतं. डोळे मिटल्यावर गाडी एकदम वेगळीच झाली. स्टिअरिंग हातात असताना वळण आधी डोळ्यांना दिसतं, मग हाताला, मग अंगाला. इथे ते थेट पोटाला कळतं. पहिले दोन थांबे मला काहीच समजलं नाही. तिसऱ्याला गाडी जवळजवळ उभी राहिली होती, माणसाच्या चालण्याइतका वेग उरला असेल, तेव्हा ते आलं. धक्का म्हणता येणार नाही असं काहीतरी. आपल्याला धरून ठेवणारा जोर अर्धा क्षण किंचित सैल झाला आणि लगेच दुसऱ्या कुणीतरी, जरा वेगळ्या हाताने धरलं. आईने माझ्या मनगटावर बोट टेकवलं. तिलाही त्याच क्षणी कळलं होतं.

बाळाचा खांदा बदलला होता.

त्याचं कारण मला माहीत असायला हवं होतं. आदल्या रात्री मी चमच्यांचा हिशेब मांडला होता आणि हाच भाग सोडून दिला होता. या गाड्यांचं ब्रेकचं पेडल चाकांच्या ब्रेकशी थेट जोडलेलं नसतं. पाय किती दाबला ते संगणक वाचतो आणि त्यातलं किती काम मोटरने करायचं, किती तबकड्यांनी, ते ठरवतो. पायाला जो विरोध जाणवतो तोही स्प्रिंगने निर्माण केलेला. वेग अगदी कमी झाला की मोटरची पकड सुटत जाते, तेव्हा तबकड्यांनी काम हाती घ्यायचं असतं. एकीने सोडायचं आणि दुसरीने धरायचं, दोन्ही एकाच मापाने. हे माप जुळवण्यात वर्षानुवर्षं डोकी झिजलेली आहेत आणि ते इतकं जुळलेलं असतं की चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. चालवणाऱ्याचा पाय कामात असतो आणि पुढे काय होणार ते त्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून तर चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही.

गाडी का लागते याचं सर्वमान्य स्पष्टीकरण असं, की डोळे एक सांगतात आणि कानाच्या आत असलेला तोल सांभाळणारा अवयव दुसरंच सांगतो. त्या भांडणात मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळायला लागतं. त्यातही बारीक थरथरीने फारसं काही होत नाही. सगळ्यांत वाईट असतात संथ हेलकावे, साधारण पाच सेकंदांना एक, म्हणजे ०.२ हर्ट्झच्या आसपासचे. बोटीवर हे हेलकावे खालीवर होतात. गर्दीच्या रस्त्यावर तोच संथ हेलकावा पुढेमागे होतो. जरा वेग, जरा ब्रेक, पुन्हा वेग. म्हणजे महागड्या गाडीचं सस्पेन्शन रस्त्यावरचे खड्डे कितीही गिळो, आईला जो त्रास होतो तो खड्ड्यांनी होतच नाही. तो माझ्या उजव्या पायाने होतो.

हे वाक्य मी त्या मागच्या सीटवर पहिल्यांदा मनात उच्चारलं आणि मला गलबलून आलं. इतकी वर्षं मी रस्त्यांना, गाड्यांना आणि थोडंसं आईच्या नाजूकपणालाही बोल लावत आले होते.

आणखी एक गोष्ट आईने सांगितली ती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नसती. सेल्समन गाडी वळवून आणत होता तेव्हा ती हळूच म्हणाली, “ही गाडी बोलत नाही गं.”

“म्हणजे?”

“आपली जुनी गाडी सांगते. आवाज खाली गेला की मी ओळखते, आता थांबणार. घरघर वाढली की चढ आला. तेवढ्यात मी सावरून बसते. हिला काय करायचंय ते कळतच नाही.”

शांतता हीच या गाडीची सगळ्यात मोठी देणगी, असं मी समजून चालले होते. काचेचे दोन थर, त्यांच्यामध्ये आवाज शोषणारा पडदा, इंजिन जमेल तितका वेळ बंद. आणि डोळे मिटून बसलेल्या माणसाला त्या आवाजातूनच रस्ता दिसत होता. तो पुसला गेला की तिच्या हातात काहीच उरत नव्हतं.

आम्ही परत शोरूमवर आलो. सेल्समन जरा ओशाळला होता. तो म्हणाला, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, मी वरपर्यंत कळवतो. मी म्हटलं, गाडी वाईट नाही, मला आणखी अर्धा तास द्याल का? त्याने दिला. यासाठी मी त्याची ऋणी आहे. वीस मिनिटांच्या फेरीत गाडी कळत नाही. त्या वेळात आपण स्वतःला त्या गाडीत बसलेलं पाहत असतो.

मधल्या वेळात त्याने मला दुसरी गाडी सुचवली. तीच एसयूव्ही, पण भिंतीत वायर लावून चार्ज करायची, मोठ्या बॅटरीची. साध्या हायब्रिडमध्ये एक-दोन युनिट वीज मावेल एवढीच बॅटरी असते, या प्रकारात तिच्या कितीतरी पट. घरी रोज न चुकता चार्ज करणाऱ्याला ती गाडी सोन्यासारखी आहे. न करणाऱ्याला मात्र ते नुसतं वाढलेलं वजन. युरोपीय आयोगाने २०२४ साली खऱ्या रस्त्यावरची आकडेवारी काढली, तेव्हा अशा गाड्यांचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. माणसं गृहीत धरलं होतं तेवढं चार्ज करत नाहीत, हे त्याचं मुख्य कारण. माझ्या इमारतीत गाडी उभी करतो तिथे वीज नाही, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. आणि इंधनाचीच खरी काळजी असेल तर एवढी अवजड गाडी घेऊच नये. लहान हायब्रिड गाडी तिच्यापेक्षा कितीतरी कमी पिते. मोठी हायब्रिड ही दुसऱ्या मोठ्या गाड्यांच्या मानाने बरी, एवढंच म्हणता येतं. मी तिच्याकडे पाहते आहे ती आईच्या गुडघ्यांसाठी आणि पोटासाठी, हे मी स्वतःशी कबूल केलं होतं.

पुन्हा निघालो. आता मी चालवत होते आणि समोर फक्त तो काटा पाहत होते. ब्रेक जोरात दाबला की काटा ‘चार्ज’च्या टोकाला जाऊन अडतो. मोटर आणि बॅटरी एका मर्यादेपलीकडे वीज घेऊ शकत नाहीत, उरलेलं काम तबकड्यांकडे जातं आणि उष्णता होऊन उडून जातं. तेच लांबूनच पाय काढला, ब्रेकवर नुसता ठेवला आणि एकसारख्या जोराने गाडी आणत आणत थांबवली, तर काटा टोकाला न जाता मध्ये राहतो आणि जास्तीत जास्त वीज परत येते. आणि शेवटच्या दोन हातांच्या अंतरात पाय किंचित सैल सोडला, की तो खांदेपालटाचा क्षण इतका हलका होतो की,

“आत्ता नाही झालं,” आई म्हणाली.

पेट्रोल वाचवणारं चालवणं आणि आईला सोसणारं चालवणं एकच होतं! दोन चमचे वाचले की तिचं पोटही वाचत होतं. एवढी साधी गोष्ट मला तो काटा समोर येईपर्यंत आणि ती मागे बोलायला लागेपर्यंत कळली नव्हती. माझी जुनी गाडी कधी मला दाखवू शकली नसती, की मी प्रत्येक सिग्नलला काय उधळते आहे.

पुढे एक लांब उतार होता. उतारावर आईचे हाल ठरलेले. गिअरचा दांडा ‘बी’वर ओढला की या गाड्यांत इंजिनही अडवण्याच्या कामाला लागतं. लांबलचक उतारावर बॅटरी भरून गेली की मोटरला वीज ठेवायला जागा उरत नाही, तेव्हा याचा उपयोग होतो. इंजिन नुसतंच फिरायला लागलं आणि पहिल्यांदाच गाडीने तोंड उघडलं, एक लांब, खालचा सूर.

“आता बोलली,” आई म्हणाली.

“आवडलं?”

“आवडायचं काय त्यात. उतार आहे ते कळलं.”

मग मी ठरवलं, गाडी बोलत नसेल तर मी बोलेन. “पाय काढलाय,” मी म्हटलं. “आता डावीकडे वळतेय, मोठं वळण आहे, सावकाश घेते. सरळ झाली. पुढे एक टेम्पो आहे, त्याच्या मागेच राहते.” सेल्समन माझ्याकडे पाहायला लागला, मग खिडकीबाहेर पाहायला लागला. मी बोलत राहिले. इतक्या वर्षांत आम्ही दोघी गाडीत एवढं कधी बोललो नव्हतो. खरं तर बोलत मीच होते, पण मधूनमधून मागून “हं” येत होता. प्रत्येक “हं” बरोबर माझे खांदे सैल होत होते.

गाडी घ्यायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. तो हात बदलण्याचा क्षण अगदी नाहीसा झालेला नाही, मी चुकले की तो येतोच. दुसऱ्या एका गाडीची फेरी बाकी आहे. तिच्यात आई आधी मागे बसेल आणि मी तिच्या शेजारी, डोळे मिटून. पुढे जो कुणी असेल तो चालवेल. गाणी बंद.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. शोरूम समोर दिसायला लागलं होतं. मी माझ्या नादात सांगत होते, “आता सरळ रस्ता आहे, वेग थोडा वाढवते,” आणि मागून आईचा आवाज आला.

“वाढवू नकोस. तिथे पुढे सिग्नल लाल झालाय. आत्ताच पाय काढ.”

मी आरशात पाहिलं. रुमाल मांडीवर तसाच घडी घातलेला होता आणि ती रस्त्याकडे पाहत होती.